हिमघुबड : पांढरा पिसारा, उघडा माळ आणि लेमिंगच्या मागची भटकंती

खाडीकाठ

गेली काही वर्षे मी मॅसॅच्युसेट्सच्या उत्तर किनाऱ्याजवळ राहतो. नोव्हेंबर संपत आला की येथील खाजणे आणि वाळूच्या टेकड्या ओस पडतात आणि त्याच सुमारास, प्रत्येक वर्षी नव्हे पण बहुतेक वर्षी, उत्तर ध्रुवप्रदेशातून एखाददुसरे हिमघुबड येथे येऊन बसते. मी ते प्रथम पाहिले तेव्हा किनाऱ्यावर बर्फाचा कणही नव्हता. तपकिरी वाळू आणि वाळलेले गवत यांच्यामध्ये तो पांढरा पक्षी अर्ध्या किलोमीटरवरूनही दिसत होता आणि लपण्याची त्याला मुळीच घाई नव्हती. बर्फ नसताना हा पक्षी इतक्या निश्चिंतपणे येथे कसा बसतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात राहिला. त्यानिमित्ताने जे वाचले आणि पाहिले, ते येथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी, चुकले असेल तेथे दुरुस्त करावे.

आधी रूपाविषयी. हिमघुबडाची लांबी साधारण ५२ ते ७१ सेंटिमीटर आणि पंखविस्तार सव्वा ते दीड मीटर असतो. शिकारी पक्ष्यांत बहुधा आढळते त्याप्रमाणे यांच्यातही मादी नरापेक्षा मोठी असते. मादीचे वजन दोन किलोच्या वर जाते, तर नर पावणेदोन किलोच्या आसपास राहतो. उत्तर अमेरिकेत लांबीने याहून मोठे दिसणारे करडे घुबड आहे, पण त्याचा बराचसा आकार पिसांचा असतो. वजनात हिमघुबडच तेथील सर्व घुबडांत भारी ठरते. पूर्ण वाढ झालेला, वयस्क नर जवळजवळ निष्कलंक पांढरा होतो. मादीच्या डोक्यावर, पाठीवर आणि पोटावर गडद तपकिरी आडवे पट्टे असतात. पहिल्या वर्षाच्या पक्ष्यांवर हे पट्टे आणखी दाट असतात, त्यामुळे तरुण नर आणि वयस्क मादी यांत ओळखण्याची चूक अनुभवी निरीक्षकांकडूनही होते.

डोळे पिवळेजर्द असतात आणि चोच काळी, परंतु चोचीचा बराच भाग चेहऱ्यावरच्या केसासारख्या पिसांत बुडालेला असतो. पाय तर नख्यांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात. तळव्यापर्यंत पोचलेले हे दाट पांघरूण दुर्बिणीतून पाहिले की पक्ष्याने लोकरीचे मोजे घातले आहेत असे वाटते. उणे चाळीस अंशांच्या वाऱ्यात तासन्तास एका जागी बसून राहणे याच पांघरुणामुळे शक्य होते. डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे तुरे असतात, मात्र ते इतके लहान असतात की सहसा दिसत नाहीत, आणि म्हणूनच डोके गुळगुळीत गोल वाटते. हा बारकावा मुद्दाम सांगतो, कारण १७५८ साली लिनियसने या पक्ष्याचे वर्णन केल्यानंतर दीर्घकाळ त्याला निक्टिया या स्वतंत्र प्रजातीत ठेवले गेले होते. पुढे जनुकीय अभ्यासावरून ते बुबो प्रजातीत आले. म्हणजेच आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर राहणाऱ्या शृंगी घुबडाचे हे जवळचे नातेवाईक आहे.

आता वर्तन. मे महिन्यापासून उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे तेथे रात्रीची वाट पाहणारे घुबड उपाशी मरेल. हिमघुबड दिवसाउजेडी शिकार करते, आणि तीही फारशी धावपळ न करता. आजूबाजूच्या सपाटीपेक्षा हातभर उंच असलेला मातीचा उंचवटा किंवा दगड निवडायचा, तेथे स्थिर बसायचे, मान २७० अंशांपर्यंत फिरवत सगळा परिसर न्याहाळायचा आणि हालचाल दिसताच जमिनीलगत उडत जाऊन झडप घालायची, अशी ही पद्धत आहे. मुख्य भक्ष्य म्हणजे लेमिंग, हा उंदरासारखा आखूड शेपटीचा, गुबगुबीत प्राणी. एक प्रौढ घुबड दिवसाला तीन ते पाच लेमिंग खाते. भक्ष्य लहान असेल तर ते अख्खेच गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी नंतर ओकून टाकते.

माझा समज असा आहे की उत्तरेत लेमिंग संपले की भुकेने ही घुबडे दक्षिणेकडे येतात. येथे दिसणारे पक्षी त्यातलेच असावेत.

सह्यभटक्या

लेख आवडला. दोन शंका आहेत. आपल्याकडे अनेकांची समजूत अशी असते की जेथे बर्फ तेथे हे घुबड. मग हिमालयात ते का राहत नाही? आणि दुसरे म्हणजे, टुंड्रावरचा बर्फ जूनमध्ये वितळतो असे वाचले आहे. मग ऐन विणीच्या हंगामात पांढरा रंग त्याला घातक ठरत नाही का?

खाडीकाठ

पहिल्या शंकेचे उत्तर माझ्या त्या जुन्या प्रश्नाचेही उत्तर आहे. हिमघुबडाला हवा असतो तो उघडा प्रदेश. बर्फ तेथे योगायोगाने असतो. अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलंड, स्कँडिनेव्हियाचा उत्तर भाग आणि सैबेरिया असा त्याचा विणीचा पट्टा वृक्षरेषेच्या पलीकडे पृथ्वीभोवती पसरलेला आहे, आणि त्या साऱ्या पट्ट्यात झाड नाही, चहूकडे नजर पोचते आणि जमिनीखाली लेमिंगची बिळे असतात. हिमालयातला बर्फ उभ्या कड्यांचा आणि अरुंद दऱ्यांचा आहे, शिवाय तेथे लेमिंग नाहीत. हिवाळ्यात दक्षिणेला आल्यावरही हा पक्षी जंगल टाळतो आणि समुद्रकिनारा, कापणी झालेली शेते, गोठलेली सरोवरे आणि विमानतळ निवडतो. बॉस्टनचा लोगन विमानतळ त्याला फारच मानवतो, कारण आखूड गवताची ती विस्तीर्ण सपाटी टुंड्रासारखीच आहे आणि धावपट्टीच्या कडेला उंदीर व पाणपक्षी मुबलक मिळतात. तेथे नॉर्मन स्मिथ नावाचे अभ्यासक १९८१ पासून ही घुबडे जाळ्यात धरून, पायात कडे घालून दूर किनाऱ्यावर सोडत आले आहेत. त्यामुळे विमानांचाही धोका टळतो आणि पक्ष्यांचाही.

दुसऱ्या शंकेविषयी सांगायचे तर घरट्यावर मादी बसते, आणि तिच्या अंगावरचे तपकिरी पट्टे बर्फ वितळलेल्या, दगड व शेवाळ यांनी ठिपकेदार झालेल्या जमिनीत चांगले मिसळतात. नर मात्र हिरव्या-तपकिरी टुंड्रावर दुरून चमकतो. माझ्या मते त्याला तेथे दिसण्याचाच लाभ होत असावा, कारण आपले क्षेत्र राखणाऱ्या नराला इतर नरांनी दुरून पाहिलेले बरे. विणीच्या आरंभी तो पंख वर उचलून हेलकावे घेत उडतो, चोचीत लेमिंग धरून मादीसमोर उतरतो आणि पंख अर्धवट पसरून ओणवा होतो. त्याचा खोल घुमणारा हुंकार शांत हवेत कित्येक किलोमीटर ऐकू जातो.

टोरांटोवासी

खाडीकाठ, आपल्या मूळ लेखाच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही, आणि हा मुद्दा महत्त्वाचा असल्याने थोडे सविस्तर लिहिते. उत्तरेत उपासमार झाली म्हणून घुबडे दक्षिणेला येतात ही समजूत इकडेही अनेक दशके प्रचलित होती. पण २०१३-१४ च्या हिवाळ्याने ती बरीच डळमळीत केली. त्या हंगामात पूर्व कॅनडा आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात कित्येक दशकांत आली नव्हती इतकी हिमघुबडे आली. एक फ्लोरिडापर्यंत आणि एक तर थेट बर्म्यूडापर्यंत पोचले. त्यांपैकी बहुसंख्य पक्षी त्याच वर्षी जन्मलेले होते, आणि पकडून वजन केलेली बरीच घुबडे उत्तम स्थितीत होती.

खुलासा उत्तरेतच सापडतो. २०१३ च्या उन्हाळ्यात क्यूबेकच्या उत्तर टोकाला, उंगावा द्वीपकल्पावर लेमिंगचे अमाप पीक आले होते. तेथील एका घरट्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे : मध्ये पिल्ले आणि त्यांच्याभोवती काठासारखी रचून ठेवलेली ७० लेमिंग व ८ व्होल (लेमिंगसारखेच उंदरासारखे छोटे प्राणी). नराने इतके आणून टाकले होते की खाणाऱ्यांना संपवता येत नव्हते. अशा वर्षी प्रत्येक घरट्यातून अनेक पिल्ले उडतात आणि हिवाळ्यात ती चहूकडे पांगतात. म्हणजे आपल्याकडे आलेला लोंढा हा सुकाळाचा लोंढा होता. याचा अर्थ असा नव्हे की दक्षिणेत कोणतेही घुबड उपाशी मरत नाही. पहिल्या वर्षाचे अननुभवी पक्षी मरतातच, आणि मोटारींची धडक, विजेच्या तारा, उंदीर मारण्याच्या विषाने मेलेले भक्ष्य यांमुळे अधिक मरतात. परंतु त्यांना उत्तरेतून भुकेने हाकलले असे म्हणणे बरोबर नाही.

त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर तीन हिमघुबडांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. त्यावर लोकांनी इतका निषेध नोंदवला की बॉस्टनप्रमाणे पक्षी धरून दूर सोडण्याचा निर्णय तेथेही लगेच घ्यावा लागला. पक्ष्यांच्या पाठीवर सौरऊर्जेवर चालणारे ट्रान्समीटर बसवून त्यांचा माग काढणारा प्रोजेक्ट स्नोस्टॉर्म हा उपक्रमही त्याच हिवाळ्यात उभा राहिला.

खाडीकाठ

आपली दुरुस्ती मान्य आहे. मी जुन्या पुस्तकावर विसंबलो होतो. मूळ लेखातले ते वाक्य तसेच ठेवतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांना ही चर्चा कळेल.

शेतबांध

मी सोलापूर जिल्ह्यात शेती करतो आणि गव्हाणी घुबडांसाठी बांधावर पेट्या लावल्या आहेत. उंदीर वाढले त्या वर्षी पेटीत अधिक अंडी असतात आणि पिल्ले लहानमोठी, जिन्याच्या पायऱ्यांसारखी असतात, हे मी स्वतः पाहिले आहे. हिमघुबडातही असेच घडते का? आणि लेमिंगचे पीक मधूनच का येते, दरवर्षी का येत नाही?

अक्षांश सत्तर

शेतबांध, आपले निरीक्षण अगदी नेमके आहे आणि हिमघुबडात तीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. साधारण वर्षी मादी तीन ते पाच अंडी घालते, सुकाळात सात ते अकरा आणि क्वचित त्याहूनही अधिक. लेमिंग नसतील त्या वर्षी ती अंडीच घालत नाही. घरटे म्हणजे जमिनीत उकरलेला उथळ खळगा. त्यासाठी वाऱ्याने बर्फ उडून लवकर कोरडा होणारा उंचवटा ती निवडते, त्यात गवतकाडी काही आणत नाही. अंडी सुमारे दोन दिवसांच्या अंतराने घातली जातात आणि पहिल्या अंड्यापासूनच मादी उबवायला बसते, कारण त्या थंडीत उघडे अंडे टिकणार नाही. सुमारे ३२ दिवसांनी पहिले पिल्लू बाहेर येते तेव्हा शेवटचे अंडे फुटायला दोन आठवडेही बाकी असू शकतात. आपण म्हणता त्या जिन्याच्या पायऱ्या अशाच तयार होतात. सारा काळ मादी घरटे सोडत नाही. तिचे आणि पिल्लांचे अन्न एकटा नर आणतो.

पिल्ले जन्मतः पांढऱ्या लवीची असतात, पण थोड्याच दिवसांत त्यांना गडद करडी लव येते. उडता येण्याच्या कितीतरी आधी, तीनेक आठवड्यांची झाल्यावर, ती पायी घरट्याबाहेर पडून आसपासच्या दगडांआड पांगतात. एकाच जागी सगळी असली तर कोल्ह्याला एका फेरीत सगळी मिळतील. ती शक्यता या पांगण्याने टळते. पुढे सुमारे पन्नासाव्या दिवसापर्यंत ती उडू लागतात.

लेमिंगविषयी. त्यांची संख्या साधारण तीन ते पाच वर्षांच्या फेऱ्यात वाढते आणि कोसळते. वाढीची खरी गोम हिवाळ्यात आहे. जमीन आणि बर्फ यांच्यामध्ये मऊ, कोरड्या बर्फाखाली जी पोकळी राहते, तेथे वरच्या मानाने ऊब असते. लेमिंग तेथे बोगदे करून, गवताची घरटी बांधून भर हिवाळ्यात वितात. त्यासाठी बर्फ जाड आणि भुसभुशीत हवा. हिवाळ्यात मध्येच ऊन पडले किंवा पाऊस झाला तर बर्फाचा थर ओला होऊन पुन्हा गोठतो, जमिनीवर काचेसारखे कवच तयार होते आणि खालचे गवत लेमिंगच्या हाती लागत नाही. ईशान्य ग्रीनलंडमध्ये २००० सालानंतर लेमिंगचे हे चक्र मोडले, आणि त्यापाठोपाठ तेथील हिमघुबडांची वीण जवळजवळ थांबली. दक्षिण नॉर्वेतही १९९० च्या दशकात लेमिंगची उधाणे थांबली आणि त्याचा संबंध बर्फाच्या बदललेल्या पोताशी जोडला गेला. तापमान दोन अंशांनी वाढले तर पिसांच्या कोटातल्या पक्ष्याला काय फरक पडतो, असे विचारणाऱ्यांनी हा दुवा लक्षात घ्यावा. फरक घुबडाला थेट पडत नाही, तो त्याच्या ताटाला पडतो.

मृगनक्षत्र

घुबड घरट्याचे रक्षण कसे करते याविषयी कोणी लिहील का? कोल्हा आला तर दोन किलोचा पक्षी काय करू शकतो?

अक्षांश सत्तर

पुष्कळ करू शकतो. नर उंचावरून सूर मारून थेट नख्या लावतो. ध्रुवीय कोल्हे तर पळतातच, पण लांडग्यांवर आणि घरट्याची मोजमापे घ्यायला गेलेल्या संशोधकांवरही तो तुटून पडतो. मादी कधी कधी पंख मोडल्याचे सोंग करून जमिनीवर फरफटत शत्रूला दूर नेते. या आक्रमकतेचा लाभ इतरही पक्षी घेतात. सैबेरियाच्या रँगेल बेटावर आणि कॅनडाच्या बायलट बेटावर हिमहंस हिमघुबडाच्या घरट्याजवळ आपली घरटी करतात, कारण त्या परिघात कोल्हा सहज फिरकत नाही. एखादे हंसाचे पिल्लू घुबडाच्या तोंडी जातही असेल, पण हिशेब एकंदरीत फायद्याचा राहतो.

टोरांटोवासी

बायलट बेटाचा उल्लेख आला म्हणून एक भर घालते. २००७ मध्ये तेथे काही माद्यांवर उपग्रह-ट्रान्समीटर बसवले गेले. अपेक्षा अशी होती की हिवाळ्यात त्या दक्षिणेला येतील. प्रत्यक्षात बहुतेक माद्यांनी हिवाळा उत्तरेतच काढला आणि कित्येक आठवडे तर समुद्रावरच्या गोठलेल्या थरावर, जमिनीपासून दूर घालवले. तेथे लेमिंग नाहीत, मात्र बर्फातल्या ज्या उघड्या फटींमध्ये पाणी राहते तेथे आयडर जातीची समुद्री बदके थव्यांनी जमतात आणि घुबडे त्यांच्यावर जगतात. पोटाला मिळेल ते खाणारा हा पक्षी वीण करताना मात्र लेमिंगवाचून अडतो.

त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट दिसली आणि ती मला अधिक विलक्षण वाटते. एका वर्षी जेथे वीण केली तेथून पुढच्या वर्षीच्या घरट्यापर्यंतचे अंतर सरासरी ७२५ किलोमीटर निघाले. एका मादीने तर २,००० किलोमीटरहून अधिक अंतर तोडले. वसंत ऋतूत या माद्या टुंड्रावर शेकडो किलोमीटर हिंडत राहतात, आणि लेमिंग भरपूर आहेत असे दिसले की तेथेच बसकण मारतात. आपला कावळा किंवा घार वर्षानुवर्षे त्याच झाडाकडे परतते, त्या सवयीने या पक्ष्याकडे पाहता येत नाही.

खाडीकाठ

यातूनच त्याच्या मोजणीचा घोटाळा झाला. पूर्वी जगभरात सुमारे दोन लाख हिमघुबडे असावीत असे धरले जाई. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या ठिकाणी त्याच भटक्या पक्ष्यांची गणना होत होती, हे उपग्रहाने माग काढल्यावर कळले. आता जगातील प्रौढ पक्ष्यांचा अंदाज तीस हजारांच्याही खाली आला आहे, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २०१७ मध्ये या पक्ष्याला असुरक्षित वर्गात टाकले. एका ठिकाणी घुबडे दिसली नाहीत म्हणजे ती मेली असे म्हणता येत नाही, आणि दिसली म्हणजे सारे ठीक आहे असेही म्हणता येत नाही. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांपैकी फेटलर येथे १९६७ ते १९७५ या काळात एका जोडीने सलग वीण केली, लोकांनी पहारा ठेवून घरटे जपले, आणि नंतर वयस्क नर निघून गेल्यावर तेथे पुन्हा कधी वीण झाली नाही. अलास्काच्या उत्तर टोकावरील उतकिआग्विक येथे डेन्व्हर होल्ट नावाचे अभ्यासक १९९२ पासून दर उन्हाळ्यात घरटी मोजत आहेत. इतकी दीर्घ नोंद हाती असल्यामुळेच चढउतार कोणता आणि ऱ्हास कोणता हे वेगळे करता येते.

मृगनक्षत्र

उतकिआग्विक या गावाचा या पक्ष्याशी नावानेही संबंध आहे. तेथील इन्युपियात लोकांच्या भाषेत हिमघुबडाला उकपिक म्हणतात, आणि हिमघुबडांची शिकार करण्याची जागा या अर्थाचे उकपिआग्विक हे त्या वस्तीचे जुने नाव म्हणून सांगितले जाते. इंग्रजीत त्या गावाला बॅरो म्हणत. २०१६ मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून उतकिआग्विक हे मूळ भाषेतले नाव परत घेतले. ध्रुवप्रदेशातील माणसांनी हा पक्षी खाल्ला, त्याची पिसे वापरली, त्याला नाव दिले. आणि त्याहून जुना पुरावा फ्रान्समध्ये आहे : पिरेनीजच्या पायथ्याशी असलेल्या त्र्वा-फ्रेर गुहेच्या भिंतीवर हिमयुगातील माणसाने घुबडांची एक जोडी आणि त्यांचे पिल्लू कोरले आहे. ती हिमघुबडे मानली जातात. त्या काळी फ्रान्सचा तो भाग टुंड्रासारखाच उघडा होता.

सह्यभटक्या

मी जानेवारीत कामानिमित्त बॉस्टनला येणार आहे. हा पक्षी पाहायचा असल्यास काय करावे?

खाडीकाठ

प्लम आयलंड आणि सॉल्सबरी येथील किनारा हिंडून पाहावा. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळतीला टेकला असताना जावे, कारण दुपारी घुबड बहुधा टेकडीच्या आडोशाला डोळे मिटून बसते. जवळ जाण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. पक्षी स्थिर बसला आहे म्हणजे त्याला आपली भीती नाही असे नव्हे. त्याने मान ताठ करून आपल्याकडे रोखून पाहिले, पिसे अंगाशी घट्ट आवळली, तर आपण आधीच जास्त जवळ आलो आहोत असे समजावे आणि मागे सरकावे. दर खेपेला उडावे लागले तर त्याची दिवसाची कमाई उडण्यातच खर्च होते. मागील हिवाळ्यात एका छायाचित्रकाराने पाळीव उंदीर सोडून घुबडाला रस्त्याजवळ बोलावलेले मी पाहिले. छायाचित्र चांगले आले असेल, पण रस्त्याजवळ अन्न मिळते हे शिकलेले घुबड मोटारीखाली सापडते. मोटारीत बसून, खिडकीच्या काचेवर दुर्बीण टेकवून पाहिले तर तासभरही निवांत पाहता येते. माझ्याकडे स्पॉटिंग स्कोप आहे. तारखा कळवल्यास मी सोबत येईन.

टोरांटोवासी

आणि त्याच्या पायाकडे अवश्य पाहा. कडे दिसले आणि त्यावरचे अंक वाचता आले, तर ते नोंदवून कळवा. १९९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कडे घातलेली एक मादी २०१५ मध्ये मोंटाना राज्यात पुन्हा सापडली. तेव्हा तिचे वय किमान २३ वर्षे १० महिने होते. रानातल्या हिमघुबडाचे नोंदलेले हे सर्वांत जास्त वय आहे. मधल्या तेवीस वर्षांत तिने किती वेळा, कोठे घरटे केले, याची एकही नोंद नाही.